एकच किनारा, बारा महिने: समुद्राचे ऋतू फोटोत कसे आणता?

पुळणवाट

नमस्कार मंडळी. गेल्या नोव्हेंबरात ठरवलं की वर्षभर एकाच किनाऱ्याचे फोटो काढायचे. साधारण दीड किलोमीटरची पुळण, एका टोकाला काळे खडक, दुसऱ्या टोकाला खाडीचं मुख. दर शनिवारी संध्याकाळी, सूर्यास्ताच्या तासभर आधी जाते आणि अंधार पडला की निघते.

काल सात महिन्यांचे फोटो एकामागून एक लावून पाहिले. जानेवारीतला कोणता आणि मेमधला कोणता, तारीख वाचल्याशिवाय ओळखता येईना. केशरी आकाश, चकाकणारं पाणी, काळी दिसणारी माणसं. झाडाला पानगळ असते, शेतात पीक उभं राहतं, कापलं जातं. समुद्राचा ऋतू कुठे शोधायचा? तो आहे हे नक्की, कारण तिथे उभं राहिलं की अंगाला कळतो. फोटोत मात्र उतरत नाही.

कॅमेरा साधा क्रॉप सेन्सरचा, १८-५५ आणि ७०-३०० मिमी अशा दोन लेन्स, एक ट्रायपॉड. नवीन काही घ्यायचा विचार नाही. तुम्ही कसं करता ते सविस्तर सांगा, वाचायला भरपूर वेळ आहे.

लाटांकित

"दर शनिवारी संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आधी." दुखणं इथेच आहे. फोटो सूर्यास्ताचे झालेत, समुद्र मागे पडद्यासारखा उभा आहे.

सांजसावली

मला हे पटत नाही. सूर्यास्तसुद्धा ऋतूप्रमाणे बदलतो, बघणाऱ्याला दिसतो. पावसाच्या तोंडावर ढगांच्या उतरंडी चढतात, कोरड्या हवेत पिसासारखे उंच ढग असतात. पुळणवाट, तुम्ही सूर्य बुडाला की कॅमेरा बंद करत असाल तर तसं करू नका. सूर्य खाली गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी उंच ढगांच्या पोटाला खालून उजेड लागतो. खरा रंग तेव्हा येतो, आणि तोवर अर्धी गर्दी घरी गेलेली असते.

उधाण_भांग

पुळणवाट, आधी भरतीचं कोष्टक हातात घ्या. फोटोच्या वेळा त्यावरून ठरवा, घड्याळावरून नको.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. भरतीपासून ओहोटीला सरासरी सहा तास बारा मिनिटं, त्यामुळे रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात ती पावणेसहा-सहा तास सरकते. म्हणजे एका शनिवारी संध्याकाळी भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटीच्या आसपास पाणी मिळतं. तुमच्या सात महिन्यांत हे दोन्ही आलेलं आहे. फोटोंखाली नुसती तारीख न लिहिता भरती-ओहोटीची वेळ लिहून बघा, तेच फोटो वेगळे दिसायला लागतील.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण (पाण्याचा चढ-उतार सगळ्यात जास्त), अष्टमीच्या सुमारास भांग (सगळ्यात कमी), हे सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्षात दोन्ही तिथीच्या एक-दोन दिवस मागून येतात. पण उधाणाची भरती एका ठरावीक किनाऱ्यावर नेहमी जवळजवळ त्याच घटकेला येते. एखाद्या ठिकाणी ती दुपारी बारा आणि मध्यरात्री येत असेल, तर तिथली सगळ्यात खोल ओहोटी कायम सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपासच मिळणार. दुसऱ्या ठिकाणी हे बरोबर उलटं असेल, तिथे खोल ओहोटी आणि तांबूस उजेड कधी एकत्र यायचेच नाहीत. आपल्या किनाऱ्याचं हे गणित एकदा समजलं की वर्षाचं वेळापत्रक निम्मं तयार होतं.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही हेही ध्यानात ठेवा. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. खडकावर उभं असताना "अजून तर काहीच चढलं नाही" असं वाटतं ते पहिल्या तासात. तिसऱ्या तासात परतीची वाट बुडते.

तिपाई

उधाण_भांग काका, हे सगळीकडे लागू आहे का? मी एका आतल्या समुद्राजवळ राहतो, भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही.

उधाण_भांग

नाही, म्हणून "बहुतेक" म्हटलं. भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी फरक हातभराचा असतो, तर कॅनडातल्या फंडीच्या आखातात तो सोळा मीटरपर्यंत जातो. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते. तुमच्याकडे पाण्याची पातळी वारा आणि हवेचा दाब जास्त बदलत असतील. तुम्ही वाऱ्याची नोंद ठेवा.

धुकेरी

मी बऱ्याच उत्तरेला राहते, त्यामुळे सूर्य जागा बदलतो हे मला दारातून दिसतं. विषुवदिनी सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. विषुववृत्ताजवळ तो वर्षभरात त्याच्या दोन्ही बाजूंना साडेतेवीस अंश सरकतो. पन्नास अक्षांशावर सुमारे अडतीस अंश, साठावर बावन्न-त्रेपन्न. म्हणजे माझ्यासारखीला जूनचा सूर्यास्त आणि डिसेंबरचा सूर्यास्त ही क्षितिजाची दोन वेगळी टोकं आहेत.

पुळणवाट, तुम्ही सूर्य सारखा चौकटीच्या मध्ये आणत असणार. त्याच्यामागे कॅमेरा फिरवला की ऋतू पुसला जातो. कॅमेरा एका जागी, एकाच दिशेला रोवा आणि सूर्याला फिरू द्या. एका महिन्यात तो खडकामागे जाईल, एकात उघड्या पाण्यात, एकात चौकटीबाहेर. चौकटीबाहेर असेल तेव्हा आडवा उजेड खडकावर पडतो आणि त्याची प्रत्येक भेग उठून दिसते. माझे सगळ्यात आवडते फोटो त्या महिन्यांतले आहेत.

संधिप्रकाशाची लांबीही मोठी गोष्ट आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य सरळ खाली उतरतो, वीस-बावीस मिनिटांत खेळ आटोपतो. साठ अक्षांशावर जूनच्या रात्री सूर्य क्षितिजाखाली सात अंशसुद्धा जात नाही, निळी वेळ रात्रभर रेंगाळते. उष्ण पट्ट्यात फोटो काढणाऱ्यांनी जागा आणि चौकट आधी ठरवून ठेवायलाच हवी.

खडकलाट

सूर्य झाला, पाणी झालं. आता पायाखाली बघा. पुळण स्वतः बदलते.

वादळी महिन्यांतल्या उंच, एकामागून एक आदळणाऱ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थोडं आत, पाण्याखाली तिचा बांध घालतात. शांत महिन्यांतल्या लांब, सावकाश लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात. त्यामुळे एका ऋतूत रुंद, फुगलेली पुळण आणि दुसऱ्यात उतरती, अरुंद, मधूनमधून खडक उघडे पडलेली. समुद्राची पानगळ हीच. फक्त ती मोजायला काहीतरी स्थिर लागतं. एखादा खडक, पायरी, जुना खांब शोधा आणि दर वेळी तो त्याच लेन्सने, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून टिपा. क्षितिज चौकटीत त्याच रेषेवर. जुना फोटो मोबाईलमध्ये उघडून जागा जुळवायची.

खडकावरचे पट्टेही वाचायला शिका. वर कोरडा फिकट भाग, मग शेवाळाचा काळपट पट्टा, मग पांढऱ्या कवचांची रांग, त्याखाली कालवं आणि हिरवं-तपकिरी शेवाळ. प्रत्येक पट्टा पाणी तिथे किती वेळ असतं ते सांगतो. शेवाळाचा हिरवा रंग काही महिने पेटतो, काही महिने करपतो. त्याचा फोटो मळभात काढा, उन्हात त्याचा रंग मरतो.

सांजसावली

पट्ट्यांचं माहीत नव्हतं, छान. पक्ष्यांबद्दल कोणी बोललं नाही अजून. मला थव्यांचे फोटो फार आवडतात. थवा वाळूवर बसलेला असला तर थोडं त्याच्या दिशेने पळायचं, सगळे एकदम उठतात, मावळत्या उजेडात फार सुंदर दिसतं. दहा मिनिटांत परत येऊन बसतात.

टिलवा

सांजसावली, कृपा करून हे करू नका. रागाने लिहीत नाही, पण अगदी मनापासून सांगते.

त्या थव्यात बहुधा चिखल्या, टिलवे, तुतवार असतात. यातले बरेच हजारो किलोमीटरवरून आलेले असतात आणि तितकेच परत जायचे असतात. पट्टेरी शेपटीचा मालगुजा, म्हणजे गॉडविट, त्यातलाच. २०२२ साली उपग्रह-टॅग लावलेलं त्याचं एक पिल्लू, पाच महिन्यांचं, अलास्काहून टास्मानियापर्यंत ११ दिवसांत न थांबता १३,५६० किलोमीटर उडत गेलं. वाटेत अन्न नाही, पाणी नाही. ही सगळी ताकद चिखलातल्या किड्यांवर चरबी साठवून येते. खायला फक्त ओहोटीचे काही तास, आणि भरतीला विसावा. भरतीला वाळूच्या एका पट्टीवर दाटीने उभा असलेला थवा आपल्याला निवांत दिसतो, पण त्यांना बसायला तेवढीच जागा उरलेली असते. एका संध्याकाळी पाच जणांनी पाचदा उडवलं की त्यांचा विसावा संपला.

फोटो मिळवायची चांगली रीत सांगते. पाणी उतरायला लागलं की पक्षी पाण्याच्या कडेकडेने खात पुढे सरकतात. ते ज्या बाजूला सरकताहेत त्या बाजूला बरंच पुढे जाऊन वाळूवर पोटावर झोपा. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर. हलू नका. वीस मिनिटांत टिलवे तुमच्या इतके जवळ येतात की लेन्सला फोकस करता येत नाही. एकदा एक टिलवा माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर आला. चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चालली होती, आणि प्रत्येक टोचणीनंतर ओल्या वाळूत एक बारीक भोक राहत होतं, क्षणात त्यात पाणी भरून ते चमकायचं. मी त्या भोकांच्या रांगेचाच फोटो काढला.

पुळणवाट, तुमच्या ऋतूच्या प्रश्नाचं माझं उत्तर पिसांत आहे. वाकड्या चोचीचा तुतवार थंडीत राखाडी-पांढरा असतो. एप्रिल-मेमध्ये उत्तरेला निघण्याआधी त्याची छाती विटकरी लाल होते. ऑगस्ट-सप्टेंबरात परत येतात तेव्हा काहींच्या छातीवर लालीचे ठिपके उरलेले असतात. तीनशेच्या लेन्समध्ये हे व्यवस्थित दिसतं.

लाटांकित

टिलवा, शंभर टक्के अनुमोदन. वाळूवर घरटी करणाऱ्यांचंही सांगा.

टिलवा

हो. चिखल्या आणि सुरय उघड्या वाळूवर, शिंपल्यांच्या चुऱ्यात अंडी घालतात. ती इतकी बेमालूम मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा समोर फडफडत ओढत चालला तर तो जखमी नसतो, तुम्हाला घरट्यापासून लांब नेत असतो. फोटो न काढता आल्या पावलांच्या खुणांवरून मागे फिरा. उन्हात उघडी पडलेली अंडी फार लवकर तापतात. ड्रोन तर त्या भागात उडवूच नका, त्यांना तो शिकारी पक्षी वाटतो.

सांजसावली

टिलवा, वाचलं. मला खरंच हे माहीत नव्हतं. यापुढे उडवणार नाही. पोटावर झोपण्याचं या आठवड्यातच करून बघते.

तिपाई

लाटांसाठी शटर किती ठेवावा? मी तीस सेकंद ठेवतो, पाणी दुधासारखं होतं. सुरुवातीला भारी वाटलं, आता सगळे सारखेच दिसतात.

लाटांकित

तीस सेकंदांत लाट राहत नाही, धुकं राहतं. शांत भरतीला, एकट्या खडकाभोवती ते शोभतं. खवळलेल्या महिन्यांत तसं केलं तर खवळलेपण नाहीसं होतं, आणि ऋतू दाखवायचा असेल तर तेच तर हवं.

माझे आकडे असे. खडकावर आपटून उडणारे तुषार: १/१००० किंवा त्याहून जलद. वाळूवरून मागे सरकणारं पाणी, फेसाच्या रेषा: पाव ते एक सेकंद, आणि शटर लाट मागे फिरल्यावर दाबायचा, चढताना नाही. परतणारं पाणी शिंपल्याभोवती, खड्याभोवती वळतं ते या वेगात नीट उमटतं.

दिवसाउजेडी एवढा वेळ मिळत नसेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. सहा स्टॉपचा असेल तर १/१५ चे चार सेकंद होतात, दहा स्टॉपचा असेल तर १/३० चे तेहतीस-चौतीस. वाळूत ट्रायपॉड रोवताना प्रत्येक पाय दाबून खोल बसवा. लाट येऊन गेली की पायाखालची वाळू निसटते आणि ट्रायपॉड तसूभर खचतो. लाट पायांभोवती असताना घेतलेला लांब एक्स्पोजर हमखास हलतो.

आणि पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, विसरू नका. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून नव्वद अंशांवर सर्वाधिक. ओहोटीच्या डबक्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब तो पुसतो आणि तळातले खेकडे, शेवाळ दिसायला लागतं. दीड-दोन स्टॉप उजेड खातो. फार रुंद लेन्सवर आकाशात एकीकडे काळा डाग उमटतो, तिथे काढून ठेवा.

मतलई

उशिरा आलो, पण हवेबद्दल लिहितो.

दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. म्हणून पहाटेचं पाणी बहुधा तुकतुकीत असतं, लाटांचे माथे मागच्या बाजूला विंचरल्यासारखे दिसतात, दुपारनंतर सगळं चुरगळतं. ज्याने फक्त संध्याकाळचा समुद्र टिपला त्याने अर्धा समुद्र टिपलाच नाही. धुकेरींच्या भागात गार पाण्यावरून ओलसर, उबदार हवा वाहिली की समुद्रावर धुकं धरतं, तेही काही महिन्यांचंच असतं.

पाऊस पडून गेल्यावरचा अर्धा तास सोडू नका. हवा धुतलेली असते, लांबचा कडासुद्धा कातरल्यासारखा स्वच्छ दिसतो. अशा वेळी सूर्याकडे पाठ करून उभे राहा. इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध बिंदूभोवती बेचाळीस अंशांवर उमटतं. सूर्य बेचाळीस अंशांहून वर असेल तर सपाट किनाऱ्यावरून ते दिसतच नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळच. सूर्य जितका खाली तितकी कमान उंच.

वीज मात्र घरातून किंवा बंद छपराच्या गाडीतून. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. गडगडाट ऐकू आला याचा अर्थ तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. उघडी पुळण, हातात ट्रायपॉड, आजूबाजूला उंच काही नाही, यापेक्षा वाईट जागा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. खिडकीतून काढताना ट्रायपॉड, आयएसओ १००-२००, एफ/८, दहा-पंधरा सेकंदांचे फोटो एकामागून एक. रात्री हे सहज जमतं.

निवांत_क्षितिज

मतलईंच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून माझा अनुभव. मी खडकावर होतो, ओहोटी लागलेली, आकाश मोकळं. पंधरा मिनिटं लाटा माझ्यापासून दहा-बारा फुटांवर थांबत होत्या. मी वाकून फिल्टर बसवत होतो, समुद्राकडे पाठ. गाज एकदम थांबल्यासारखी झाली आणि वळलो तर पाणी कमरेपर्यंत. ट्रायपॉड, कॅमेरा, पिशवी गेली. मी एका कपारीत बोटं अडकवून राहिलो. दोन्ही तळहात कवचांनी सोलून निघाले होते, ते घरी आल्यावर कळलं.

लांबवरच्या वादळाने उठवलेल्या लाटा गटागटाने येतात. दोन मोठ्या गटांत पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात, आणि वरचं आकाश स्वच्छ असतं. आता मी खाली उतरण्याआधी वीस मिनिटं वरून नुसता बघतो. उभं राहायची जागा ओली असेल तर तिथे लाट येऊन गेलेली आहे, मग ती जागा सोडतो. समुद्राच्या हवामान अंदाजात लाटांच्या उंचीशेजारी दोन लाटांमधले सेकंद दिलेले असतात, तेही वाचतो. सहा सेकंदांची दोन मीटरची लाट आणि चौदा सेकंदांची दोन मीटरची लाट यांच्या जोरात फार फरक आहे.

पुळणवाट

निवांत_क्षितिज, वाचताना अंगावर काटा आला. तुम्ही सुखरूप आहात हे महत्त्वाचं. बाकी सगळ्यांचे मुद्दे वहीत उतरवून घेते आहे.

तिपाई

खाऱ्या हवेत कॅमेरा कसा सांभाळता? माझ्या लेन्सवर पांढुरका थर येतो.

खडकलाट

तो मिठाचा थर कोरड्या फडक्याने घासू नका, स्फटिकांनी काचेवर ओरखडे उठतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने टिपून घ्या, मीठ विरघळलं की मग कोरडं फडकं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, उघडेच वाळवा. पुळणीवर लेन्स बदलू नका. गार खोलीतून दमट हवेत नेताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेर काढा आणि पाऊण तास तसाच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही. दमट महिन्यांत सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी लागते.

धुकेरी

थोडं अवांतर. हल्ली बरेच जण दुसऱ्याच दिवसाचं आकाश आणून समुद्रावर बसवतात. मला ते फार खटकतं. हवामानाचा फोटो म्हणायचं आणि हवामानच उसनं?

मतलई

अवांतर पण चांगला विषय. हे नवीन नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाची काच, म्हणजे फोटो जिच्यावर उमटायचा ती निगेटिव्ह, निळ्या रंगाला इतकी संवेदनशील होती की समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं यायचं. म्हणून काही फोटोंत त्याने आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच जोडून एकच छापचित्र केलं. त्याच्या काचेला जे जमत नव्हतं ते त्याने असं भागवलं. आजचा सेन्सर रॉ, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये दोन्ही पेलतो, नाहीतर एकाच जागेवरून लागोपाठ दोन एक्स्पोजर घेऊन जोडता येतात. तो दिवस तरी तोच राहतो. दुसऱ्या दिवसाचं आकाश मीही लावत नाही. आणि पुळणवाट ज्या कामाला लागल्या आहेत त्यात तर एकाही फोटोत लावून चालणार नाही.

टिलवा

अवांतर चाललंच आहे तर छोट्या गोष्टींसाठीही एक ओळ. उष्ण पट्ट्यातल्या पुळणींवर ओहोटीला वाळूचे मोतीचूर गोळे पसरलेले दिसतात. मटारच्या दाण्याएवढा खेकडा वाळूचा घास घेतो, त्यातलं खाण्याजोगं गाळून उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून निघालेल्या सरळ रेघा आणि दोन्हीकडे गोळ्यांच्या रांगा, सूर्यकिरणांसारख्या. पाणी उतरल्यावर पहिल्या तासात रेघा आखूड असतात, तिसऱ्या तासात नक्षी हातभर होते, आणि भरती आली की पाटी कोरी. आडव्या उजेडात, वरून सरळ खाली, १८-५५ पुरते.

निवांत_क्षितिज

आणि निळी लाट! काही महिन्यांत रात्री लाट फुटताना निळा उजेड दिसतो. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशी जीव, पाणी ढवळलं की चमकतो. अमावास्येजवळची रात्र, दिव्यांपासून लांब. एफ/२.८ किंवा त्याहून उघडं, आयएसओ ३२००, दहा-पंधरा सेकंद. फोकस दिवसा लावून टेप चिकटवून ठेवा. कॅमेऱ्याला डोळ्यांपेक्षा जास्त निळं दिसतं, हे बघणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे त्यांची निराशा होत नाही.

टिलवा

रात्री जाणाऱ्यांनी कासवांचं भान ठेवा. समुद्री कासवाची पिल्लं क्षितिजावरच्या उजळ बाजूकडे धावतात. मोबाईलचा दिवा, फ्लॅश, गाडीचे दिवे, काहीही त्यांना उलट्या दिशेला नेतं. अंडी घालायला वर येणारी मादी दिवा दिसला तर तशीच परत फिरते. फोटो सुटला तर सुटू द्या.

पुळणवाट

पाच महिन्यांनी धागा वर काढते आहे. वर्ष पूर्ण झालं.

तुमचं सगळं वाचून तीन जागा ठरवल्या आणि तिथून हललेच नाही. एक खडकांकडे, एक पुळणीच्या मध्यावर, एक खाडीच्या मुखाशी. भरतीच्या कोष्टकावर खुणा केल्या. माझ्या किनाऱ्यावर उधाणाची खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. म्हणजे पहिल्या सात महिन्यांत ती कितीतरी वेळा माझ्यासमोर होती. त्या फोटोंखाली वेळा लिहिल्या आणि खरंच वेगळे दिसले.

खडकलाट, स्थिर वस्तू मला सापडली. दक्षिणेच्या खडकात एक जुनी लोखंडी कडी रोवलेली आहे, पूर्वी कधी होडी बांधत असतील. गंजून तिचे पापुद्रे निघालेत, आत बोट घातलं की तांबडं होतं. जूनच्या पहिल्या फोटोत ती माझ्या गुडघ्याशी आहे. जुलैत पाऊस आणि लाटांमुळे जवळ जाता आलं नाही, वरच्या वाटेवरून तीनशेने टिपली, तेव्हा ती फेसात होती. ऑगस्टच्या शेवटी एका खोल ओहोटीला खाली उतरले तर कडी माझ्या छातीशी. खाली खडकाचा असा भाग उघडा पडला होता जो मी कधी पाहिला नव्हता, त्यावर एकही कवच नव्हतं, धुवून काढल्यासारखा गुळगुळीत. आता नोव्हेंबरात कडी कमरेला आहे, वाळू परत येते आहे. सहा फोटो शेजारी ठेवले आहेत. तारीख वाचावी लागत नाही.

टिलवा, सप्टेंबरात लालीचे ठिपके उरलेले तुतवार दिसले. चार होते. पोटावर झोपले होते, पाऊण तास.

खडकलाट

कडीचे फोटो उघडून बसलोय. गुडघ्यापासून छातीपर्यंत म्हणजे मोठीच वाळू गेली. एक विनंती, हे एका वर्षावर थांबवू नका. दर वर्षी ती तितकीच परत येते का ते कळायला दुसरं वर्ष लागेल.

टिलवा

चार! फार आनंद झाला. पुळणवाट, नोव्हेंबरच्या कडीच्या फोटोत वर उजवीकडे, पाण्याच्या कडेच्या खडकावर पांढरा ठिपका आहे. मोठा करून बघाल? मला कालवफोड्या वाटतो.

पुळणवाट

आत्ता बघितलं. वरून काळा, खालून पांढरा, लांब नारिंगी चोच, आणि एका पायावर उभा आहे. मी कडीवर फोकस करत होते, दिसलाच नव्हता. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातले फोटो काढून बसते, त्या खडकावर तेव्हाही कोणी होतं का बघते.